कोष्टी गल्लीचं मत

“फितूर कोण ते कळल्याशिवाय पाइपचा एक तुकडासुद्धा पुढे सरकणार नाही!”

चिंचटाकळीचे नगराध्यक्ष भाऊसाहेब रणनवरे कोष्टी गल्लीच्या तोंडाशी उभे राहून गरजले. निवडणूक ते जिंकले होते खरे, पण नेमका त्यांच्याच गल्लीच्या पेटीत मार खाल्ला होता! मतदानाआधी याच गल्लीने भंडारा उचलून “मत तुम्हालाच!” म्हटलं होतं. आता नव्या नळाची पाइपलाइन त्यांच्या बंगल्यापर्यंत आली आणि तिथेच अडली. बंगल्यात धो धो पाणी, पुढच्या घरांना मात्र गिरणीमागचा हापसा.

त्या हापशावरून घागर घेऊन येणारी कुमुद त्यांच्या नजरेस पडली. गोदाक्कांची नवी सून, मतदानानंतर लग्न होऊन आलेली.

“सूनबाई, इकडे ये! तुझं नाव अजून माहेरच्या यादीत, म्हणजे तू कुणाच्याच बाजूची नाहीस. नवी नवरी म्हणून घरोघर चहाला बोलावतायत तुला. विचार एकेका घरात, मत कुणाला दिलं ते. फितूर शोध, की लगेच नळ!”

गोदाक्कांनी कपाळाला हात लावला. सांगावं तर गल्लीशी वैर, न सांगावं तर जन्माचा हापसा!

कुमुदने घागर खाली ठेवली. “पण भाऊसाहेब, खोटं बोलणारा ओळखायचा कसा?”

“त्यात काय! माझा माणूस छातीठोक सांगेल. जो सांगायला कां-कूं करेल तोच फितूर. त्याच्या दाराला गेरूचा पट्टा ओढ, त्या घराचं पाणीच तोडतो!”

“दार कुणाचं ते बघायचं नाही?”

“अजिबात नाही! माझ्या सख्ख्या चुलत्याचं असलं तरी ओढ!”

“सगळ्यांसमोर बोललात हं,” कुमुद हळूच म्हणाली आणि घागर उचलून निघून गेली.

मग तिचं चहापाणी सुरू झालं. पार्वतीकाकू विरोधकांनी वाटलेली टोपी पुढ्यात घेऊन तीत शेंगा सोलत बसल्या होत्या. “मत ना? भाऊसाहेबांनाच, बाई! दुसरं आहे कोण?” असं ठणकावून त्यांनी मूठभर दाणे कुमुदच्या हातावर ठेवले. कुमुदने टोपीकडे पाहिलं, दाणे खाल्ले. विठोबाअण्णांनी तर प्रश्न पुरा व्हायच्या आतच भंडारा उचलला. त्यांच्या भिंतीवर विरोधकांचं पत्रक होतं, त्यावर घाईघाईने टांगलेलं कॅलेंडर तिरकं झालं होतं. जाता जाता कुमुदने ते सरळ केलं.

बाजाराच्या दिवशी ती गेरूची वाटी घेऊन निघाली. पारावरची माणसं उठून मागे चालू लागली. कुणाचं दार? एकेक घर मागे पडत गेलं, तसतसा एकेकाचा जीव भांड्यात पडला. शेवटी कुमुद बंगल्यापाशी थांबली आणि शिसवी दारावर तिने ठसठशीत पट्टा ओढला!

“अगं ए! डोकं फिरलं का तुझं?” भाऊसाहेब पंचा सावरत धावत आले.

“तुमच्याच शब्दाप्रमाणे केलं, भाऊसाहेब! सगळी गल्ली छातीठोक म्हणाली, मत भाऊसाहेबांनाच. सांगायला नकार दिला तो एकाच घराने.”

“कुणी? माझ्या घरात कुणी?”

“मी!” दारात माईसाहेब उभ्या होत्या, भाऊसाहेबांच्या पत्नी.

भाऊसाहेबांचा आवाज खाली आला. “अगं, मग सांग ना सगळ्यांना, मत कुणाला दिलंस ते!”

“का म्हणून सांगू? शाई बोटाला लावली होती अहो, जिभेला नाही!”

गल्ली तोंडाला पदर लावून, उपरणं लावून हसू दाबत होती. भाऊसाहेबांनी पट्ट्याकडे पाहिलं, माईसाहेबांकडे पाहिलं, वाटी धरून मान खाली घातलेल्या कुमुदकडे पाहिलं.

“सूनबाई, म्हणजे आता पाणी तोडायचं ते माझंच?”

“नियम तुमचा, भाऊसाहेब. पण माईसाहेबांना हापशावर जावं लागेल.”

“मी नाही जायची! जायचं तर तुम्हीच जा!” माईसाहेब म्हणाल्या.

आता मात्र भाऊसाहेब पोट धरधरून हसले. “हरलो बुवा! अरे, पाइप उचला! आणि पहिला नळ गोदाक्कांच्या दारात!”

संध्याकाळी नळाला पाणी आलं. कुमुदची पहिली घागर भरताना भाऊसाहेब मुद्दाम येऊन उभे राहिले.

“बरं, पुढच्या खेपेला तुझं नाव इथल्या यादीत येईल. मग मत कुणाला देशील?”

कुमुदने घागर कमरेवर घेतली आणि अगदी गल्लीच्या सुरात म्हणाली, “तुम्हालाच, भाऊसाहेब!”

भाऊसाहेबांना पुन्हा असं हसू फुटलं, की शेजारच्या ओट्यावर बसलेल्या पार्वतीकाकूंनी विरोधकांची ती शेंगांची टोपी पटकन पदराआड घेतली.