माहितीदाता क्रमांक चार

"आन् ह्यो चार नंबर कोण?" भागाईनं विचारलं.

"तुम्हीच की, आई," निरंजन हसून म्हणाला.

मठात सगळेच तिला आई म्हणतात. पूर्वी हा 'आई, तू' म्हणायचा. आता तुम्ही.

मठाच्या ओसरीवर आम्ही तिघंच होतो. भागाई आमच्या एकतारी भजनाच्या मठाची मुख्य, वय ऐंशीच्या पुढं. मी तिच्या मागं बसून चाळीस वर्षं टाळ वाजवतो. आणि समोर डॉक्टर निरंजन साबळे, फेलोशिपवर तीन वर्षं जर्मनीत राहून आलेले. आमच्या पदांवर लिहिलेला जाडजूड ग्रंथ त्यानं मांडीवर घेतला होता. ग्रंथ इंग्रजीत, म्हणून तोच मराठी करून सांगत होता.

"माहितीदाता क्रमांक चार. स्त्री, वय अंदाजे ऐंशी. हिने साठ पदे गाऊन दाखवली."

गाऊन दाखवली म्हणे. सात वर्षं ह्याला रोज समोर बसवून, चुकला की मांडीवर चापट मारून, एकेक पद घोटून घेतलं होतं तिनं. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

"नंबर कशापायी?" भागाईनं विचारलं.

"तिकडचा नियम आहे. लोकांची नावं छापायची नाहीत. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून."

"कसला त्रास?"

"म्हणजे... कुणी गैरफायदा घेऊ नये."

मला राहवेना. म्हटलं, "ते आभाराचं पान वाच बरं."

त्यानं वाचलं. प्रोफेसर, फेलोशिप देणारी समिती, ग्रंथालयातल्या दोघी बायका, घरमालकीण, आणि थंडीत सोबत करणारं घरमालकिणीचं मांजर, ओटो.

"मांजराला नाव हाय," भागाई म्हणाली.

"ती गंमत असते, आई."

आमच्या मठात एक रीत आहे. पद म्हणायच्या आधी कानाला हात लावायचा आणि ते ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. भागाई अजून दर पदाआधी तिच्या गुरूचं, चंद्रभानबुवाचं, नाव घेते. बुवा जाऊन पन्नास वर्षं झाली. नाव न घेता कुणी तोंड उघडलं तर मी टाळ खाली ठेवतो, मग तो आमदार का असेना. निरंजनला हे पाठ होतं. नवीन पोरांना तोच शिकवायचा.

"तिकडं मोठ्या सभेत गायलास म्हणं," भागाई म्हणाली.

"दोनदा. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते."

"कानाला हात लावलास?"

"लावला ना."

"आन् नाव?"

"वेळ फार कमी होता, आई."

माझं डोकंच फिरलं. भागाई समोर नसती तर तिथल्या तिथं मुस्काटात ठेवून दिली असती त्याच्या. नियम म्हणे. सभेत कुठला आला होता नियम?

निरंजनला त्याचं काही नाही. त्यानं पिशवीतून एक कागद काढला आणि तिच्यापुढं ठेवला. आता त्याचा आवाज खाली आला होता.

"हे संमतीपत्र. साठही पदांचं रेकॉर्डिंग विद्यापीठाच्या संग्रहात ठेवायचंय, त्याला तुमची परवानगी लागते. ही सही झाली तरच मला आणखी दोन वर्षं मिळतील. सोमवारपर्यंत कागद पोचला नाही तर माझी जागा दुसऱ्याला जाईल."

"पेन दे."

त्याचा जीव भांड्यात पडला. भागाई चाळिशीत प्रौढवर्गात जाऊन लिहायला शिकली, अक्षर अजून सावकाश काढते. सहीच्या रेघेवर तिनं दोनच अक्षरं काढली.

निरंजननं कागद उचलून बघितला. तिथं लिहिलं होतं, 'चार'.

"आई, इथं तुमचं खरं नाव लागतं."

"आता लागतं?"

"हा कागद कुलपात राहतो. कुणाच्या नजरेलासुद्धा पडणार नाही. पण नाव खरंच लागतं."

पेन अजून भागाईच्याच हातात होतं. ती ते बोटांत फिरवत होती.

"चेष्टा करू नका, आई. तीन वर्षं राबलोय मी. या एका सहीवाचून सगळं जाईल माझं." त्याचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगतो, मला जराही दया आली नाही. "ज्यानं गाणी दिली त्याचीच सही चालते. दुसऱ्या कुणाची नाही."

भागाईनं पेनाला टोपण लावलं. पेन त्याच्या खिशाला अडकवलं, लहान पोराला शाळेत पाठवताना अडकवावं तसं.

"मंग त्या चार नंबरच्या बाईला हुडक," ती म्हणाली. "गाणी तिनं दिल्यात. माझ्याकडं तू सात वर्षं नुसता जेवायला व्हतास."