धावरीच्या पुलासाठी शंभर विद्यावाचस्पती

सुज्ञ वाचकांस सविनय कळविण्यात येते की, विद्येच्या बळावर एक पूल कसा उभा राहिला आणि तो अद्यापपर्यंत कसा टिकला, याचे साद्यंत निवेदन पुढे केले आहे. कथेतील सर्व पात्रे रानातील आहेत. कोणा मनुष्यास यात स्वतःचे मुख दिसल्यास तो दोष नदीच्या पाण्याचा समजावा, लेखकाचा समजू नये.

एका अरण्यात एक सिंह राज्य करीत होता. अरण्याच्या मधोमध धावरी नावाची नदी वाहत होती. अलीकडच्या तीरावर राजवाडा, सभागृह आणि भाषणे होती. पलीकडच्या तीरावर चारा होता. त्यामुळे प्रजेस नदी रोज ओलांडावी लागे.

दरवर्षी फाल्गुनात दौलतराव तरस नामक कंत्राटदार धावरीवर पूल बांधी, महाराज त्याचे उद्घाटन करीत आणि आषाढात पूल वाहून जाई. पुलासमवेत जी प्रजा वाहून जाई, तिला बाहेर काढण्याचे काम रखमाजी पाणमांजर करी. हे काम त्यास कोणी नेमून दिलेले नव्हते. त्यास पोहता येत होते, एवढाच त्याचा अपराध.

एका आषाढात त्याने पारू सशिणीची दोन पिल्ले पाण्यातून काढली. त्यांतील एक जिवंत होते. पारू दुसऱ्याचे ओले कान सरळ करीत बसून राहिली. त्या दिवशी रखमाजीने मनाशी ठरविले की, यापुढे या नदीतून कोणास काढावे लागता कामा नये.

धावरीच्या पात्रात दोन मोठे खडक आहेत. तेथे पाणी दुभंगते आणि त्याचा जोर मोडतो. रखमाजीने त्या खडकांच्या आधाराने अर्जुनवृक्षाचे ओंडके टाकले, वेलींनी आवळले आणि पूल केला. तो दोन पावसाळे टिकला. तिसऱ्या वर्षी राजाज्ञेने चौकशी समिती आली. समितीचे अध्यक्ष आचार्य बगळे हे घोटाभर पाण्यात एका पायावर उभे राहिले.

"याचा आराखडा कोणाचा?" त्यांनी विचारले.

"माझाच, सर."

"आपली पदवी?"

"बारा वर्षं या पाण्यात पोहतोय."

"पोहणे ही पदवी नव्हे," आचार्य म्हणाले आणि त्यांनी दुसरा पाय खाली टेकवला.

पूल अनधिकृत ठरला. तो पाडण्याचे कंत्राट दौलतराव तरसास मिळाले. त्याने आयुष्यात मजबूत असे हे एकच काम केले.

त्यानंतर महाराजांनी भर सभेत भाषण केले. "प्रजाजनहो, आपले पूल का पडतात? कारण आजवर आपण पूल बांधत आलो, पूल बांधणारे घडविले नाहीत. आम्ही शाश्वत बांधकामाचे शंभर विद्यावाचस्पती घडविणार आहोत. ते सहस्र वर्षे टिकणारे पूल बांधतील. तोवर या नदीवर कोणीही पूल बांधू नये. आधी विद्वान, मग पूल!"

प्रजेने ही घोषणा तीन वेळा म्हटली आणि ती पोहत घरी गेली. सगळी पोहोचली नाही.

रखमाजीने विचार केला की, विद्वान झाल्याविना पूल बांधता येणार नसेल तर विद्वान होणे भाग आहे. त्याने नाव नोंदविले. मार्गदर्शक म्हणून आचार्य बगळेच लाभले. त्याचा विषय होता 'धावरी नदीवरील पूल'.

"या नदीवर पूर्वी कोणी लिहिले आहे काय?" आचार्यांनी विचारले.

"नाही सर. ती नुसती वाहते."

"मग संदर्भ कोणाचे देणार? जिच्यावर कोणी लिहिलेले नाही, ती नदी संशोधनाच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. लिहिलेली नदी घ्या."

"पण सर, पिल्लं हिच्यातच वाहून जातात."

"भावना प्रस्तावनेत घाला. एक परिच्छेद चालेल."

अशा रीतीने पाच सुधारणांनंतर 'परराज्यातील अप्रवाही नद्यांवरील संभाव्य सेतूंचे संकल्पनात्मक अध्ययन' हा विषय संमत झाला. आरंभी रखमाजीस हे शीर्षक पाठ होईना. पुढे ते त्यास आवडू लागले. आणखी पुढे त्यास त्याचा अभिमान वाटू लागला. तो पाण्यात उतरेनासा झाला, कारण अप्रवाही नद्यांच्या अध्ययनास ओले होण्याची आवश्यकता नसते. त्यास पोट सुटले. अंगावर शाल आली.

"अहो, दोन मासे आणता का?" त्याची बायको भागाबाई म्हणाली.

"मत्स्यप्राप्तीच्या शक्यतांचा प्रथम आढावा घ्यावा लागेल."

"घ्या आढावा. मी खाऊन घेते."

तिसऱ्या वर्षीच्या आषाढात नदीवरून हाक आली. रखमाजी चौथ्या प्रकरणाच्या तळटीपा लावीत होता. "एवढे पान झाले की आलोच," असे तो म्हणाला. पान झाले तेव्हा भागाबाई परतली होती. तिने वाहून चाललेल्या साळिंदरास कवटाळून तीरावर आणले होते. ती नवऱ्यासमोर बसली आणि तिने आपले दोन्ही पंजे पुढे केले. त्यांत काटे रुतले होते. रखमाजीने एकेक काटा उपसला. त्यास स्वतःची अतिशय लाज वाटली. परंतु संदर्भसूची अपूर्ण होती.

पाच वर्षांनी शंभराचा आकडा पूर्ण झाला. पलीकडच्या तीरावरील मैदानात पदवीदान समारंभ योजिला गेला. महाराजांना आषाढातच सवड असल्याने तो आषाढात ठेवण्यात आला. त्या वर्षी पाऊस लांबला होता, म्हणून सर्वजण उथळ पाण्यातून चालतच पलीकडे गेले. प्रथेप्रमाणे प्रत्येक प्रबंधाच्या पाच प्रती काळ्या रेक्झिनच्या बांधणीत, सुवर्णाक्षरांसह, मंचावर रचल्या होत्या. पाचशे जाड ग्रंथ. ते कोणीही उघडलेले नसल्याने त्यांची पाने विटेसारखी घट्ट बसली होती.

महाराजांचे भाषण रंगात आले असता डोंगरावर ढग फुटला आणि धावरी चढू लागली. मैदान सखल होते. पाणी पहिल्या रांगेच्या खुरांना लागले.

"चिंता नको," महाराज म्हणाले. "शंभर विद्यावाचस्पती उपस्थित आहेत. त्यांनी पूल बांधावा."

शंभर विद्यावाचस्पतींनी एकमेकांकडे पाहिले आणि एक उपसमिती नेमली. तिच्या सभेत रखमाजी उभा राहिला व म्हणाला, "प्रथम पूल या संज्ञेची सर्वमान्य व्याख्या होणे इष्ट आहे." टाळ्या पडल्या. पाणी गुडघ्याशी आले.

गर्दीतून वाट काढीत पारू सशीण पुढे झाली. तिचे उरलेले एक पिल्लू, आता चांगले मोठे झालेले, तिला बिलगून उभे होते.

"रखमाभावजी," ती म्हणाली, "तुम्ही शिकायच्या आधी इथं एक पूल होता. कसा बांधला होता तो?"

रखमाजीने तोंड उघडले. त्यात अप्रवाही नद्या होत्या, संकल्पना होत्या, पूल नव्हता. मग त्याने नदीकडे पाहिले. पाच वर्षांत प्रथमच पाहिले. दोन खडक होते तेथेच होते आणि पाणी तेथेच दुभंगत होते.

त्याने अंगावरील शाल टाकली. ओंडके शोधण्यास वेळ नव्हता. तो मंचावर चढला आणि आपल्या प्रबंधाच्या पाचही प्रती उचलून पाण्यात शिरला.

"अहो, ते मूल्यमापनासाठी ठेवलेले आहेत," आचार्य बगळे म्हणाले.

"तेच करतोय, सर."

त्याने वेलींनी ग्रंथांचे गठ्ठे आवळले आणि खडकांच्या आधाराने रचले. भागाबाई मंचावरून गठ्ठे आणून देऊ लागली. वाढलेल्या पोटामुळे रखमाजी दोनदा बुडता बुडता वाचला आणि दोन्ही वेळा तिनेच त्यास शेपटीस धरून वर काढले. पाचशे ग्रंथ संपले तेव्हा पूल राजवाड्याच्या तीरास पोहोचला होता. प्रथम महाराज गेले, नंतर विद्वान, नंतर प्रजा. पारूचे पिल्लू शेवटच्या रांगेत होते. ते कोरडे पोहोचले.

पूर ओसरला. पूल जागचा हलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यावर संगमरवरी पाटी बसली. तीवर महाराजांचे नाव होते.

चौथ्या दिवशी रखमाजीस नोटीस आली. विनापरवाना प्रबंध हलविल्याबद्दल त्याची पदवी रद्द झाली होती. पदवी रद्द झाल्याने पूल पुन्हा अनधिकृत ठरला आणि पाडण्याचे कंत्राट घेऊन दौलतराव तरस पहारी आणि माणसे... क्षमा असावी, पहारी आणि तरसे घेऊन आला. त्याने पहार उगारली. तोच त्याची दृष्टी पाटीवर गेली. त्याने पहार खाली ठेवली, पाटीवरील धूळ शेपटीने पुसली, नमस्कार केला आणि तो मागे फिरला. महाराजांच्या नावास कोण हात लावणार?

रखमाजी काठावरून हे सर्व पाहत होता. टिकाऊ बांधकामाचे जे तत्त्व त्यास पाच वर्षांच्या अध्ययनात सापडले नव्हते, ते त्यास त्या क्षणी सापडले.

पुढील फाल्गुनात नदीच्या वरच्या अंगास दुसरा पूल करण्यास तो निघाला. त्याने प्रथम पाटी लावली. मग पूल बांधला.

येथवर वाचण्याचे कष्ट घेतल्याबद्दल वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
सोपान धोंडिबा खरमाटे
(शिक्षण: इयत्ता सातवी, म्हणून पूल बांधण्यास अपात्र)