वीणा खाली ठेवत नाहीत

नदीकाठी विणकरांचं एक गाव होतं. साधी, देवभोळी माणसं. पण त्याच गावात केरू निपजला! टोळीत शिरला, आपल्याच गावावर दरोडा घातला, यमाजी कोष्ट्याचं मनगट काठीनं मोडलं आणि तुरुंगात गेला.

शिक्षा भोगून तो परतला, तेव्हा देवळात नामसप्ताह चालू होता. टोळीचा म्होरक्या दौलत वेशीबाहेर त्याची वाटच बघत होता. "जा, बघून ये," तो हसला. "गाव तुला दारात उभं करायचं नाही. दुपारी आपण निघू."

केरूला टोळीत जायचं नव्हतं. पण जाणार कुठं? त्याला पाहताच दारं धडाधड लागत होती. फिरून फिरून तो देवळाशी आला आणि लोकांनी जोडे काढले होते तिथंच उभा राहिला.

आता त्या सप्ताहाची रीत ऐका. समाप्तीपर्यंत वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकानं ती गळ्यात घालून उभं राहायचं, थकला की दुसऱ्याच्या गळ्यात घालायची; या पाळीला पहारा म्हणतात. देताना-घेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, मग समोर कुणीही असो.

त्या वेळी वीणा यमाजीकडे होती. म्हाताऱ्याचं वाकडं मनगट ठणकत होतं. त्याची नजर दाराकडे गेली.

"केरू, हातपाय धू आणि आत ये. वीणा घे."

टाळ थांबले. बळवंत पाटील ताडकन उठले. "यमाजी, डोकं फिरलं का तुझं? यानंच तुझा हात मोडला!"

"म्हणून तर हा हात लवकर अवघडतो, पाटील. त्याला विसावाही यानंच द्यावा."

आणि काय सांगू! केरूच्या गळ्यात वीणा घालून यमाजी वाकला. जे पाय एके दिवशी त्याचं दार मोडून आत शिरले होते, त्याच पायांवर त्यानं डोकं ठेवलं. केरूही यमाजीच्या पाया पडला आणि लहान मुलासारखा ढसाढसा रडला.

दुपारी दौलत देवळाच्या दारात येऊन ओरडला, "चल रे!"

"वीणा खाली ठेवता येत नाही, दादा," केरू म्हणाला. "कुणाच्या तरी गळ्यात घालावी लागते. तुम्ही घेता?"

दौलतचा हात कमरेच्या सुऱ्यावर गेला. तेवढ्यात पाटील उठले आणि दोघांच्या मधे उभे राहिले. "आता पहारा माझा," ते म्हणाले. ज्यांनी केरूला पकडून दिलं होतं, तेच पाटील वीणा गळ्यात घेऊन त्याच्या पायांशी वाकले. पाठोपाठ सारं देऊळ उठून उभं राहिलं.

केरूचा गळा आता मोकळा होता. दारही उघडं होतं. यमाजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्या मागाला दोन धड हात हवेत. चल घरी, आधी भाकरी खाऊ."

केरूनं दाराकडे वळूनही पाहिलं नाही. दौलत आला तसा गेला.

पुढच्या वर्षी सप्ताहात वीणा केरूच्या गळ्यात होती. जोड्यांपाशी कुणीतरी खाली मान घालून उभं होतं. दौलत होता तो! कमरेला आता सुरा नव्हता.

केरूनं हाक मारली, "दादा, हातपाय धुवा आणि आत या."

तात्पर्य एवढंच: वाट चुकून परतलेल्याला नुसती माफी पुरत नाही. आपलं मोलाचं ते त्याच्या हाती सोपवावं आणि साऱ्या गावानं त्याच्या पाठीशी उभं राहावं, तेव्हाच तो पुन्हा माणसांत येतो.