घासून घेतलेला डॉलर

एके काळी मिरजेच्या वासुअण्णांच्या अल्बममध्ये जुने अमेरिकन चांदीचे डॉलर ओळीने राहायचे. प्रत्येक सालाचा एकच, आणि सगळे काळपट. अण्णा रोज भिंग लावून त्यांच्यावरच्या बाईच्या केसांची बट न् बट न्याहाळायचे.

दिवाळीआधी देवाची चांदी घासायला निघाली. तिचा लखलखाट पाहून १८८९चा डॉलर हुरळला. "मीही घासून घेणार!"

"अरे, हा काळेपणा आपल्या वयाचा आहे. एकदा गेला की गेला," शेजारचा थोरला डॉलर म्हणाला.

पण अल्बम उघडाच होता. डॉलर घरंगळत थेट ताम्हनात जाऊन पडला. अण्णांच्या बायकोने, कुमुदताईंनी, त्यालाही रांगोळीने खसाखसा घासलं.

अण्णांनी भिंग लावलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, हिचे केसच गेले की! आता हा अल्बममध्ये कसा ठेवू?"

"नसेल ठेवायचा तर मला द्या. लक्ष्मीपूजनाला होईल," कुमुदताई म्हणाल्या.

देवघरात निरांजनाने पाहुण्याचं स्वागत केलं. "वा, काय चमकतोस! आता दर दिवाळीला आपण बरोबरच घासून घेऊ."

डॉलर खुशीत हसला. मग इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "तुमच्याकडे भिंग कधी येतं?"