परक्याच्या हातचं पाणी

आडवणच्या खाडीच्या तोंडाशी एक बसका काळा खडक आहे. भरतीला त्याचा माथा तेवढा वर राहतो. माथ्यावर घडीव खळगा, खळग्यात गोड्या पाण्याचा रांजण. पाणी गावच भरतं, पण गावातलं कुणी ते ओतत नाही. नारळी पुनवेनंतरच्या पहिल्या फेरीहून होड्या परतायच्या दिवशी दाजी तांडेल पाहुण्यांना या खडकावर आणतात. वय ऐंशी, गुडघे गेलेले, आवाज मात्र शाबूत. रांजणातला तांब्या भरून ते एका पाहुण्याच्या हातात देतात आणि बजावतात, "धरून ठेवा. अजून ओतायचं नाही." मग सांगू लागतात.

फार मागे, गलबतांच्या काळात, या गावात धाकोजी तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या, होऊन गेला. तेव्हा दर्यावर जहाजं धरणारे दोन तऱ्हेचे होते म्हणे. एक चाचे. ते कुणाचंही जहाज धरत आणि लूट भर समुद्रात वाटून घेत. दुसरे सनदी. त्यांच्याकडे सरकारची सनद असे आणि तिच्यात स्पष्ट लिहिलेलं असे : शत्रूचंच जहाज धरावं, ते बंदरात आणून किल्ल्याच्या हवालदारासमोर हजर करावं, तोवर मालाला हात लावू नये, कैद्यांना त्रास देऊ नये. लांबून पाहणाऱ्याला दोघांच्या हाती तलवारच दिसायची. पण सनदी माणसाला हिस्सा आणि मान मिळे, चाच्याला कडेलोट.

धाकोजीने आपली सनद कुठे ठेवावी? शहाण्या माणसाने पेटीत ठेवली असती. धाकोजीने ती बांबूच्या नळीत घातली आणि डोलकाठीच्या टोकाला, देवीच्या निशाणाशेजारी बांधली. सरकारचा कागद पायाखाली असू नये, असं त्याचं म्हणणं. आमच्या घराण्यात भक्ती आहे, अक्कल पुढच्या पिढ्यांत आली, असं दाजी इथे हमखास म्हणतात.

एके सकाळी धाकोजीने शत्रूच्या टोपीकरांचं जहाज गाठलं. बावीस माणसांनी दुप्पट माणसांना नमवलं. पण शेवटचा तोफगोळा डोलकाठीवर बसला आणि काठी, निशाण, नळी सगळं समुद्रात गेलं. धाकोजीच्या हाती आता कागद उरला नाही. तरी तो रिवाज चुकला नाही. जहाजाची तळघरं बंद करून त्याने लाखेचे ठसे मारवले, तेही टोपीकर कप्तानाच्याच अंगठीने, म्हणजे पुढे कुणी शंका घ्यायला नको. वारा चांगला होता, संध्याकाळी किल्ला गाठू, या हिशेबाने आतली पाण्याची पिंपं कुणी बाहेर काढली नाहीत.

आणि वारा पडला.

धाकोजीच्या गलबतावरची पिंपं गोळ्यांनी फुटली होती. एकच धड उरलं होतं. धाकोजीने ते कैद्यांना आणि जखमींना दिलं. आपल्या धडधाकट माणसांना पहिल्या दिवशी ओंजळ ओंजळ मिळालं, नंतर काही नाही. ऊन असं की फळ्यांवर पाय ठरेना. तिसऱ्या दिवशी दुपारी लखमू नावाचा खलाशी कुऱ्हाड घेऊन तळघराच्या झाकणापाशी गेला. आत अठरा पिंपं भरलेली होती.

"तांडेलानू, दोन घोट घेवया," तो म्हणाला. "बघता कोण?"

"मी बघतंय," धाकोजी म्हणाला. "ही लाख फुटली काय आमी चाचे. मधी दुसरा काय नाय."

लखमूने कुऱ्हाड खाली ठेवली आणि झाकणावर बसून तो ढसाढसा रडला, असं सांगतात.

चौथ्या सकाळी वाऱ्याने दया केली. धरलेल्या जहाजाने मोडकं गलबत ओढत आणलं आणि दोन्ही याच खडकाशी लागली. गाव किनाऱ्यावर लोटलं आणि किल्ल्याचे हवालदार विसाजीपंत सनद पाहायला खडकावर उतरले. कप्तान कसलेला माणूस होता. दुभाष्याकरवी त्याने लगेच सांगितलं, यांच्याकडे कागद नाही, हे चाचे आहेत, यांना कड्यावर न्या आणि मला सोडा. धाकोजीची जीभ इतकी सुजली होती की त्याला बोलता येईना. त्याने तुटलेल्या डोलकाठीकडे बोट दाखवलं, बस. बावीस जणांचे जीव त्या बोटावर लटकले होते.

विसाजीपंत जहाजावर चढले. लाखेचे ठसे त्यांनी एकेक करून पाहिले. मग खाली येऊन त्यांनी कप्तानाची अंगठी मागितली, ठशाशी ताडली आणि विचारलं, "तीन दिवस तुम्ही पाणी कुणाचं प्यालात?"

कप्तानाने मान वळवली. समोर फाटलेल्या ओठांची बावीस माणसं उभी होती. अखेर त्याने टोपी काढली.

"यांचं," तो म्हणाला.

विसाजीपंत गावाकडे वळले. "चाचे समुद्रात लूट वाटतात," ते म्हणाले. "यांनी वाटलं ते फक्त स्वतःचं पाणी. माझ्यापुरती सनद मिळाली."

त्यांनी पाण्याचा तांब्या मागवला. पण तो कप्तानाने पुढे होऊन घेतला आणि शत्रूने आपल्या हाताने धाकोजीच्या ओंजळीत पाणी ओतलं. किल्ल्यावरून तोफा सुटल्या, नगारा वाजला, बाया गुडघाभर पाण्यात धावल्या. लखमू एकटा तीन घागरी प्याला म्हणे. धाकोजीला नवी डोलकाठी मिळाली, नवी सनदही. ती त्याने पुन्हा काठीच्या टोकालाच बांधली.

आजही आडवणच्या होड्या पहिल्या फेरीहून परतताना शिडं उतरवून या खडकाशी थांबतात. पहाटेपासून होडीवर कुणी पाण्याचा थेंब घेतलेला नसतो. मासळी जशी धरली तशी, वाटणी न करता, सगळ्यांसमोर उघडी असते, आणि पहिलं पाणी द्यायला माणूस गावाबाहेरचाच लागतो. आपला माणूस आपल्याला चांगलंच म्हणणार.

एवढं होईपर्यंत पहिली होडी खडकाला लागते. तांडेल उतरतो, गुडघे टेकतो, ओंजळ पुढे करतो. दाजी पाहुण्याच्या कोपराला हात लावतात.

"आता ओता."