अंधशाळेतला जुना कॉम्प्युटर

"जुनी सिस्टिम काढून टाकू ना? तुम्ही फक्त हो म्हणा."

शार्दूल टिळेकर हे तिसऱ्यांदा विचारत होता.

नाना खुर्चीत बसले होते. मांडीवर ब्रेलचा जाड कागद, त्यावर उजव्या हाताची बोटं. बोटं सरकत होती. नाना वाचत होते.

"नाना..."

"एवढं पान संपू दे."

शार्दूल गप्प बसला. त्याला गप्प बसायची सवय नव्हती.

नाना म्हणजे वामन खरोटे. वय चौऱ्याहत्तर. चार वर्षांचे असताना अंगावर देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. तालुक्याच्या गावाबाहेर एक लहानशी अंधशाळा आहे, तिथे त्यांनी सदतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यावर शाळेनं त्यांना सोडलं नाही, तेही गेले नाहीत. मुलांची ब्रेल पुस्तकं ज्या कॉम्प्युटरवर तयार होत, तो त्यांच्याच खोलीत होता. शेजारी ब्रेल छापायचं यंत्र. दोन्ही जुनी.

शार्दूल पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, एकतीस वर्षांचा. महिन्यापूर्वी एका शनिवारी तो कोणाचीही ओळख न काढता शाळेत आला होता. "मला काहीतरी काम सांगा," एवढंच म्हणाला होता. का, ते नानांनी विचारलं नाही. तीन शनिवार त्याच्याकडून नुसतं वर्तमानपत्र वाचून घेतलं.

चौथ्या शनिवारी म्हणाले, "हा कॉम्प्युटर म्हातारा झालाय म्हणतात. त्यातली सिस्टिम बदलावी का नाही, तू ठरव."

शार्दूलनं दहा मिनिटांत ठरवलं होतं.

पान संपलं. नानांनी कागद बाजूला ठेवला.

"हं. का काढायची?"

"या सिस्टिमचे अपडेट बंद होऊन सहा वर्षं झाली. नव्या वेबसाइट उघडत नाहीत. उद्या व्हायरस शिरला तर पुस्तकं, प्रश्नपत्रिका, सगळं जाईल. मशीन अजून दणकट आहे. मेमरी वाढवली की नवी सिस्टिम आरामात चालेल. दोन तासांचं काम आहे."

"दोन तासांचं..."

"फार तर अडीच."

"कोणाला विचारलंस?"

"यात विचारायचं काय नाना? हे माझं रोजचं काम आहे."

नाना उठले. खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बस. इतिहासाचा चौथा धडा काढ आणि छाप."

शार्दूल हसून बसला. त्यानं माउस धरला.

नानांचा हात पडद्याच्या कडेवरून खाली आला. बोटाला बटण लागलं. पडदा काळा झाला.

"नाना, स्क्रीन बंद झाली."

"हो."

"मग दिसणार कसं?"

"आम्ही सगळे असंच करतो. चालू दे."

कॉम्प्युटर बोलत होता. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा आवाज, कोरडा आणि भलताच वेगवान. शार्दूलनं एक बटण दाबलं, आवाज काहीतरी म्हणाला. ते कळायच्या आत त्यानं दुसरं दाबलं. आवाज तुटला आणि नवीनच काही सांगू लागला. आपण कुठे आहोत हेच त्याला समजेना. धडा तर राहिलाच, उघडलेलं बंदही करता येईना.

"हा जरा सावकाश बोलत नाही का?"

"बोलतो. सावकाश बोलायला सांगायचं बटण आहे."

"कुठलं?"

उभ्यानंच वाकून नानांनी कीबोर्डवर हात ठेवला. चार-पाच बटणं खटखट वाजली. शेजारचं यंत्र जागं झालं आणि जाड कागदावर टकटक ठिपके उठू लागले. इतिहासाचा चौथा धडा.

शार्दूल त्या हातांकडे बघत राहिला.

"किती वर्षं झाली याला?"

"बावीस. आधी पहिला कॉम्प्युटर मेला, मग हा आला. बटणं तीच राहिली."

यंत्र थांबलं. खोलीत एकदम शांतता झाली.

"हे छपाईयंत्र नव्या सिस्टिमवर चालेल का?" नानांनी विचारलं.

"बघावं लागेल." शार्दूलनं मोबाइल काढला, बराच वेळ शोधलं. मग मान खाली घातली. "नाही चालणार. बनवणाऱ्यांनी याच्यासाठी पुढे काही केलेलंच नाही."

"हे बघितलं नव्हतंस?"

"नाही."

"दहावीला तीन मुली आहेत. मार्चमध्ये परीक्षा. त्यांचं विज्ञान अजून अर्धं छापायचंय."

शार्दूल खुर्चीतून उठला. खिडकीपाशी गेला. बाहेर वाळत घातलेल्या चादरी वाऱ्यानं हलत होत्या. एक मुलगी दोरीला हात लावून चालत चालत चादरींखालून पलीकडे निघाली होती.

"नका बदलू," तो म्हणाला. आवाज बदलला होता. "आहे तसंच राहू द्या. मी हात नाही लावणार."

"आत्ता तर दोन तासांचं काम होतं."

"चुकलं माझं."

"यंत्राचं बघायचं राहिलं. एवढं घाबरायला काय झालं?"

शार्दूलनं खिडकीचा गज धरला.

नाना थांबले. त्यांना थांबता येत होतं.

"आईचा फोन बदलला होता मी," शार्दूल म्हणाला.

"आईचा?"

"आई कराडला एकटी असायची. साखरेनं नजर गेली होती तिची. पूर्ण नाही, पण समोरचा माणूस ओळखू यायचा नाही. तिच्याकडे बटणांचा फोन होता. दोन नंबरचं बटण दाबून धरलं की मला लागायचा. पाचच्या बटणावर उंचवटा असतो ना, तो चाचपायची आणि तिथून वर मोजायची. रोज संध्याकाळी फोन. जेवलास का, एवढंच विचारायला. कधी कधी मला... मिटिंगमध्ये असायचो मी. कंटाळा यायचा."

"हं."

"दोन दिवाळ्यांपूर्वी मी तिला नवा फोन नेला. मोठा, काचेचा. अक्षरं मोठी करून दिली. जुना बदल्यात देऊन टाकला."

"मग?"

"मग तिचे फोन बंद झाले. मीच करायचो. दर वेळी तिला उचलायला जमायचं नाही. मला वाटायचं, रुसलीय. मीही मग कमी केले."

तो खिडकीच्या गजांशी चाळा करत होता.

"गेल्या वर्षी ती गेली. तेराव्याला खालच्या मजल्यावरच्या उमरजकर काकू म्हणाल्या, संध्याकाळी आई जिना उतरून त्यांच्याकडे यायची. हातात फोन. म्हणायची, शार्दूलला लावून देता का? आणि काकूंनी लावायला घेतला की म्हणायची, राहू दे, कामात असेल."



मग नानांनी विचारलं, "नवा फोन तिला शिकवलास किती वेळ?"

"अर्धा तास." तो थांबला. "वीस मिनिटं."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, आलं मला."

"आलं होतं?"

शार्दूलनं मान हलवली. नानांना ती दिसणार नाही हे त्याच्या लक्षात आलं.

"नाही," तो म्हणाला. "माझी गाडी चुकेल म्हणून म्हणाली."

तो तिथेच खिडकीखाली जमिनीवर बसला. नानांनी काठी न घेता चार पावलं टाकली, त्याचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"शार्दूल, फोन बदललास हे वाईट नाही केलंस."

"नाना, तिला जुना सोडला असता तर..."

"जुना कधीतरी बंदच पडला असता. वीस मिनिटांत उठलास, ते बघ."

शार्दूलनं डोळे पुसले.

नाना परत खुर्चीकडे गेले. बसले. आवाज नेहमीचा झाला.

"आता माझं ऐक. दहावीतली सुगंधा घोटेकर. पुढे कॉलेजला जायचं म्हणते. शिष्यवृत्तीचा फॉर्म इंटरनेटवर भरायचा असतो. तो या कॉम्प्युटरवर उघडतच नाही. मी चार वेळा बघितलं. मग ती गावातल्या दुकानात गेली. तिथल्या माणसानं भरून दिला. पासवर्ड त्यानंच ठेवला. ती काय म्हणाली माहितेय? म्हणाली, नाना, माझं नाव त्यानं बरोबर लिहिलंय का, हेपण मला त्यालाच विचारावं लागलं."

शार्दूल उठून उभा राहिला.

"म्हणजे बदलायची?"

"मला विचारू नकोस. ठरवायचं काम तुला दिलंय."

"पण छपाई?"

"तू सांग."

शार्दूलनं विचार केला. या वेळी दहा मिनिटं नाही. त्या दिवशी तो जेवणघरात तिन्ही मुलींजवळ जाऊन बसला. कुठलं बटण कशासाठी लागतं, काय अडतं, कशाची भीती वाटते, सगळं विचारलं. सुगंधानं सांगितलं की आवाज बदलला तरी चालेल, पण दोन वाक्यांमध्ये तो श्वास घेतल्यासारखा थांबला पाहिजे. दुसरी म्हणाली, मला काहीच नको, फक्त विज्ञान वेळेवर द्या. शार्दूलनं दोन्ही लिहून घेतलं.

पुढचे तीन शनिवार जुनी सिस्टिम तशीच राहिली आणि विज्ञान छापून झालं. शार्दूल कागद लावायचा, नाना बटणं दाबायचे.

चौथ्या खेपेला तो शनिवारी आला नाही. सोमवारी आला. खांद्याला कपड्यांची बॅग होती. त्यानं आठ दिवसांची रजा काढली होती.

कॉम्प्युटर उघडला, धूळ पुसली, मेमरी वाढवली. जुनी डिस्क आहे तशी ठेवली आणि तिच्या शेजारी नवी बसवली. छपाई करायची तर जुनी सुरू करायची, बाकी सगळ्याला नवी. सुरू होताना कुठली हवी ते कॉम्प्युटर मोठ्यानं विचारील, अशी सोय त्यानं केली. या कामाला दोन तास लागले नाहीत. दोन दिवस लागले.

बुधवारी सुगंधानं आपला फॉर्म स्वतः उघडला. आधी पासवर्ड बदलला. मग आवाजाकडून स्वतःचं नाव एकेक अक्षर वाचून घेतलं. घोटेकरचं घाटेकर झालेलं होतं. तिनं ते दुरुस्त केलं, पुन्हा एकदा ऐकलं आणि वर्गात निघून गेली. दारातून तिचं हसू ऐकू आलं.

मग नाना खुर्चीत बसले.

त्यांनी कीबोर्डवर हात ठेवले. बोटं आपोआप जुन्या जागी गेली. दाबली.

नवा आवाज भलतंच काही म्हणाला.

पुन्हा दाबली.

पुन्हा भलतंच.

नानांची बोटं हवेत थांबली. इतक्या दिवसांत शार्दूलनं ते हात असे कधी पाहिले नव्हते. कुठे जायचं ते त्यांना कळत नव्हतं. बावीस वर्षांची वाट होती, ती एका दुपारी पुसली गेली होती. नानांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी आलं आणि गेलं.

"नाना," शार्दूल घाईनं म्हणाला, "तुमच्यासाठी मी जुनीच सुरू करून देतो. तुम्ही तीच वापरा. नवी मुलींना राहू दे. तुम्हाला आता कशाला त्रास..."

नाना उठले.

भिंतीजवळ एक बुटकं लाकडी स्टूल होतं. नानांच्या खोलीत शिकायला येणारी मुलं त्यावर बसत. नानांनी ते पायानं शोधलं, ओढत टेबलापाशी आणलं आणि त्यावर बसले. पाठ ताठ केली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

खुर्ची रिकामी होती.

शार्दूल उभाच राहिला. "अहो नाना, हे काय... तुम्ही वर बसा."

नानांनी मान हलवली नाही. आवाज येईल तिकडे कान लावून ते थांबले होते.

शार्दूलनं घड्याळ काढून खिशात टाकलं. खुर्ची ओढली. बसला.

नाना म्हणाले, "हं, सर. पहिलं बटण कुठलं?"