हजार ओंजळींची घागर

एका राज्यात, जिथे पक्षी बोलत आणि माणसे ते ऐकून घेत, एक नगर होते. नगराच्या मधोमध एक उपवन होते. ते कोणा एकाचे नव्हते, म्हणून सर्वांचे होते. रायाजी माळी ते राखी. झाडांना पाणी सोडण्याआधी तो मातीला हात लावी आणि तो हात कपाळी लावी. वय त्याचे पंचवीस. त्याची पत्नी बयजा विशीची. लग्नाला वर्षही झाले नव्हते.

राजा सुकीर्ती मोठा दानशूर. दारी आलेला याचक विन्मुख जाऊ नये, हे त्याचे व्रत. एका पर्वणीला जालंक नावाचा जादूगार यतीच्या वेषात आला. सोने नको म्हणाला, गाई नकोत म्हणाला. "मला ते उपवन दे," म्हणाला. राजाने झारी उचलली आणि त्याच्या तळहातावर दानाचे उदक सोडले. शेवटचा थेंब पडला मात्र, उपवनाभोवती लोखंडी काट्यांची भिंत उगवली, आणि आत जी सहा माणसे होती त्यांची झाडे झाली. मुंग्यांना साखर घालणारे एक वृद्ध होते, त्यांचा कडुनिंब झाला. रायाजीचा बकुळ झाला.

नगर हळहळले, पण कोणी तोंड उघडले नाही. दिलेले दान परत घेणे म्हणजे दत्तापहार, त्यासारखे पातक नाही, असे तिथे लहानथोर सारेच मानत. म्हातारी माणसे उंबऱ्यावर बसू लागली. मुले तापल्या गच्चीवर खेळू लागली. ऊन रस्त्यात मुक्कामाला राहिले.

बयजा मात्र रोज भिंतीशी जाई. दावणीच्या वासराने रानाच्या वाटेकडे पाहावे, तशी पाहत बसे. ऋतू आला की बकुळीचा गंध भिंतीवरून येई. ती पदर पसरी. पदरात काही राहत नसे. भिंतीवर एक भारद्वाज पक्षी येऊन बसे. आतबाहेर करणारा तेवढा एकच जीव. ती विचारी, "कसे आहेत ते?" पक्षी म्हणे, "उभे आहेत." एवढ्यावर तिने तीस वर्षे काढली.

तिसाव्या वर्षी जालंक पुन्हा आला आणि नदीकाठचे गायरान मागता झाला. राजाने त्याला पौर्णिमेचा मुहूर्त दिला. हे बयजाने ऐकले. आता नदीकाठीही कोणी अशीच पदर पसरून बसणार. त्या सकाळी तिने रायाजीची खुशाली विचारली नाही. तिने विचारले, "पाखरा, ही भूमी कोणाची?"

"तीस वर्षांत हे कोणी विचारले नाही," भारद्वाज म्हणाला. "ऐक. राजाच्या मुखातून वदव की ती त्याची नव्हती. मग घराघरातून एक ओंजळ पाणी आण. देणाऱ्याने म्हणावे, 'आम्ही दिली नाही.' ते पाणी भिंतीच्या मुळाशी ओत. जालंक आडवा येईल. त्याच्या हातावर थेंबही पडू देऊ नकोस."

बयजा दरबारी गेली. राजा वृद्ध झाला होता.

"दिलेले परत मागू?" तो म्हणाला. "दत्तापहार माथी घेऊ?"

"महाराज, शेजारणीची गाय मी दान दिली, तर पुण्य कोणाला?"

प्रधान हसला. "पुण्य कसले, आजीबाई! चोरीच ती."

हसून झाल्यावर प्रधानाला कळले की आपण काय बोललो. राजाने मुकुट उतरवून मांडीवर ठेवला.

"ते उपवन माझे नव्हते," तो म्हणाला. मग राण्यांसह त्याने बयजाच्या घागरीत पहिली ओंजळ घातली.

पुढे दारोदार फिरणे आले. तरण्या सुनांना उपवन ठाऊकच नव्हते.

"कसली बाग, आजी? सासूबाई सांगतात खऱ्या, पण आम्ही म्हणतो, त्यांना भ्रम झालाय."

"ऐकू येतंय हो मला!" आतून आवाज आला. "भ्रम म्हणे! तुझा नवरा चालायला शिकला तो त्याच बागेत." म्हातारी काठी टेकत आली आणि तिने ओंजळ घातली. "आम्ही दिली नाही ग बाई. विचारलं कुठं कोणी आम्हाला?"

असे सात दिवस गेले. हजार घरे झाली, घागर काठोकाठ भरली. ती कमरेवर घेऊन बयजा भिंतीशी आली. तिथे जालंक हात पसरून उभा होता.

"सगळे पाणी नको," तो मृदू स्वरात म्हणाला. "तुझी एक ओंजळ माझ्या हातावर घाल. तुझा वाटा सोड, आणि तुझा नवरा घेऊन जा."

त्याने फुंकर मारली. भिंत काचेसारखी झाली. आत बकुळीखाली फुलांचा सडा होता, आणि खोडातून रायाजीचा चेहरा दिसत होता. पापण्या मिटलेल्या. बयजाच्या कमरेवरची घागर कलली. एक थेंब काठाशी येऊन थांबला. ती मनात म्हणाली, देवा, तीस वर्षे मी दुसरे काही मागितले नाही.

"घाल," जालंक म्हणाला.

तिने पाण्यात पाहिले. मग म्हणाली, "माझी ओंजळ यातली कोणती, ते आता मला वेगळे काढता येत नाही, बाबा."

आणि तिने घागर भिंतीच्या मुळाशी रिती केली.

भिंत गंजली, झडली, मातीत गेली. जालंकाचा यतिवेष तेवढा खाली पडला. त्या वेषात कोणी नव्हतेच. कडुनिंबाचे वृद्ध झाले आणि मुंग्या शोधू लागले. राजाने गायरानाचा मुहूर्त मोडला. सर्वांची भूमी कोणालाही, कोणत्याही पुण्यासाठी देता येणार नाही, असे त्याने वेशीच्या शिळेवर कोरविले. लोक उपवनात धावले.

रायाजीही आला. पंचविशीचाच होता. डोळ्यांवर हात धरून तो वाटेकडे पाहत होता. बयजासमोर येऊन थांबला.

"आजी, माझी बयजा न्याहारी घेऊन यायची होती. वाटेत दिसली का तुम्हाला?"

हा क्षण तिने तीस वर्षे रोज मनात पाहिला होता. त्यात आजी हा शब्द कधी आला नव्हता. तिने पांढऱ्या केसांवर पदर ओढला.

"आली ती, धनी," ती म्हणाली. "वाट लांब होती."

तो आवाज त्याने ओळखला. तो तिच्या मुखाकडे पाहत राहिला, एकेक सुरकुती वाचत. मग त्याने खांद्यावरचे उपरणे काढून गवतावर अंथरले.

"दमली असशील," तो म्हणाला. "बैस."

ती बसली. जिची जिची कोणी वाट पाहत असेल, जो जो कोणाची वाट पाहत असेल, ती सारी दिवेलागणीआधी एकमेकांना भेटोत.